जुबैदाला आलेलं स्थळ

बाबांची पाठ बसली आणि आमचं घर मायच्या विळ्यावर आलं. बाबा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात हमाल होते. एका दुपारी सोयाबीनचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्यांच्या कमरेत काहीतरी कडकन वाजलं, आणि त्यानंतर हा आडदांड माणूस उभं राहण्यासाठीसुद्धा भिंत शोधायला लागला. टिनाचं घर, दोन खोल्या. गॅसची टाकी होती, पण रिकामी. तिच्यावर मी पुस्तकं ठेवायचे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीत बहुतेकांचं असंच होतं आणि कोणी कोणाची कीव करत नव्हतं. कीव करायलाही फुरसत लागते.

मी तेव्हा वाशीमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून दहावीच्या पुढे माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. बाबांनी खाटेवर पडल्यापडल्या फैसला सांगून टाकला होता. रागानं नाही, थकून. "यंदा पास झाली तं झाली. एकबी विषय राह्यला, तं मायच्या संग पात धर. माह्याच्यानं आता होत नाही, पोरी."

आणि राहीलसा वाटणारा विषय एकच होता. उर्दू.

हे सगळं परवा वाशीमच्या बस स्टँडवर आठवलं. एक बाई टोपलीत भाजलेले घाटे घेऊन बसली होती. हरभऱ्याची हिरवी झाडं काट्याकुट्याच्या जाळावर धरून भाजली की जो वास येतो, आंबट, धुरकट, थोडा दुधाळ, तो नाकात गेला आणि माझी बस निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. मी काळे हात करून घाटे फोडत उभी. ओठ काळे, बोटं काळी, आणि मी आता शिकवते त्या शाळेतल्या दोन मुली लांबून बघतायत की आपल्या मॅडमला झालं तरी काय!

झालं काही नव्हतं. हरभरा आला होता.

हरभऱ्याच्या रानात पहाटे शिरलेल्याला सांगायला नको. पानांवरचं दंव नुसतं पाणी नसतं, त्यात खार असते. अनवाणी चाललं तर पाय चरचरतात, जीभ लावली तर डोळे आपोआप मिटतात. सोंगणी, म्हणजे कापणी, पहाटेच सुरू करायची. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा मातीत जातो. बाया हातात जुने पायमोजे घालून बसतात. माझ्या हातात माझेच शाळेतले मोजे असायचे, अंगठा बाहेर आलेले. थंडी, खार, विळ्याचा खर्रखर्र आवाज, आणि वच्छलामावशीचं तोंड. ही वच्छलामावशी आमच्या टोळीची म्होरकी. शेतवाल्याशी बोलणी तिनं करायची आणि टोळीतल्या बायांना बोलणी तिनंच द्यायची.

सोंगणीत बाया एका रांगेत बसून पुढे सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला ज्या ओळी येतात तिला पात म्हणतात. सगळ्यांच्या पाती सोबत सरकल्या पाहिजेत. मागे राहील तिला टोमणे. पण आमच्या टोळीत एक रीत होती: जी गाणं म्हणेल किंवा गोष्ट सांगेल, तिची पात शेजारच्या दोघी अर्धी अर्धी ओढून घेणार. ही रीत कोणी काढली कोण जाणे. मी गाण्यात ढ. कॉलेज बुडेल तेवढं बुडवून मायसोबत जायचे तेव्हा विळ्यातही मी ढच होते. मग राहिली गोष्ट. आणि माझ्याकडे गोष्टी होत्या त्या उर्दूतल्या.

त्या माझ्याकडे आल्या त्या शमीमखालामुळे. खाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची आणि गल्लीभरच्या बायांचे ब्लाउज शिवायची. त्यांना ती पोलकंच म्हणायची. मी लहान असताना माय कामावर गेली की मी खालाच्या मशीनखाली. तिथंच उर्दूची अलिफ बे शिकले, चिंध्यांवर खडूनं. खालाच्या वडिलांना वाचनाचा भारी नाद होता. ते गेल्यावर त्यांची जुनी उर्दू मासिकं पेटीभर मागे राहिली. खालानं त्यांचा उपयोग केला तो कापड बेतायच्या कागदासाठी. त्यामुळे मी वाचलेल्या पहिल्या अफसान्यांना, म्हणजे कथांना, भोकं होती. कुठं बाहीच्या आकाराचं, कुठं गळ्याच्या. नायिका गच्चीवर चढतेय, चढतेय, आणि मधेच काखेचा गोल तुकडा गायब. पुढच्या वाक्यात ती थेट रेल्वेत. मधलं आपण भरायचं.

कॉलेजात विषय निवडताना मी उर्दू साहित्य घेतलं तेव्हा बाबा म्हणाले, "काहून? त्याचं काय करशीन?" मी म्हटलं, "गोष्टी पुऱ्या वाचायच्या आहेत." याहून खरं कारण आजही माझ्याकडे नाही.

त्या अफसान्यांचं एक असतं. त्यातला माणूस प्रेम करतो म्हणजे सोडतच नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, खिडकीकडे बघतो, झोपत नाही, जेवत नाही, आणि त्या प्रेमापायी एखादं असं काम करून बसतो की मग उरलेलं आयुष्य त्याचा जमीर त्याला जगू देत नाही. उर्दूत जमीर मलामत करतो, म्हणजे दारात उभं करून झापतो. आपल्याकडे मन खातं. आपलं मन आतल्या आत, आवाज न करता कुरतडतं. उर्दूतला जमीर मोठ्यानं बोलतो. मला तो मोठ्यानं बोलणारा आवडायचा. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत.

पण आमच्या सरांना एवढ्यानं भागत नव्हतं. ते मला म्हणायचे, "कहानी तो आप खूब सुनाती हैं. मगर आप खुद क्या कहती हैं?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोणत्याही अफसान्याबद्दल विचारलं की मी अफसानाच सांगत सुटायचे. आणि शेवटच्या वर्षाला तोंडी परीक्षा होती, बाहेरगावचे परीक्षक येणार होते, विषयही ठरलेला: अफसान्यातला जमीर आणि पशेमानी. विवेक आणि पश्चात्ताप. सर म्हणाले, "वाचलेला कोणताही एक अफसाना निवडा, पण त्याबद्दल काहीतरी म्हणा." मी निवडला तो खालाच्या पेटीतलाच. अख्तर आणि जुबैदाचा.

तो मी रानात सांगितला. अख्तर जुबैदाच्या शेजारी राहतो आणि तिच्यावर जीव टाकतो. तिला ते माहीतही नाही. तिची सोयरीक ठरते. लग्न तोंडावर आलेलं असताना अख्तर मुलाकडच्यांच्या गावी जातो आणि नुसतं पुटपुटतो की पोरीला मिरगी येते. तेवढं पुरतं. सोयरीक मोडते. बात पसरते. मग दुसरं स्थळ येत नाही, तिसरं येत नाही. जुबैदा त्याच खिडकीत बसून केस पिकवते, आणि अख्तरला आता ती रोज दिसते. त्याला हवं होतं तेच मिळालं. पण कुठंही सनई वाजली की याला वाटतं कोणी आपलं दार ठोठावतंय. शेवटी एका संध्याकाळी तो उठतो, तिच्या घरी जातो, कडीसाठी हात उचलतो, आणि...

"आन् काय?" वच्छलामावशीचा विळा थांबला.

"आणि काही नाही. पान तिथंच कापलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे पुढचं पोलक्यात गेलं."

रांगभर जो गोंधळ झाला! मी घरी येऊन खालाला विचारलं तर खाला दातातली टाचणी काढून म्हणाली, "अगे बेटी, वो पन्ना तो मैंने पाटलीन के पोलके में काट दिया. गला लय भारी बैठा उसका."

मग सोंगणीभर रोज तेच. पहाटे विळे निघाले की अख्तर निघायचा.

"दार वाजवते आन् पाय धरते," मावशी म्हणायची. "दुसरं काय करन तो?"

"पाय धरल्यानं तिचं लगन होते काय?" माय.

आमच्यात रुखमा नावाची एक नवी नवरी होती, नुकतीच हळद उतरलेली. ती हळूच म्हणाली, "पन पिरेम तं होतं ना वं त्याचं?"

"पिरेम!" मावशीनं घाट्यांचा मूठभर जुडगा बाजूला फेकला. "डोंगळा गुळाले चिकटते, त्यालेबी पिरेमच म्हन मंग!"

"तुमाले कोनी चिकटलं नाही, म्हनून असं बोलता मावशी."

"मले चिकटले ना तुहे काका! अजून निघून नाही राह्यले."

रांग जागच्या जागी बसून हसली. मी हसता हसता हिरवा घाटा चावत होते, आणि माझी पात दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होती. माय तेवढी हसली नाही. ती विचार करत होती. "आपन विहारात खोटं न बोलायचं शील घेतो," ती म्हणाली. "त्याच्या मशिदीतबी तसंच सांगत असतीन ना?"

"सांगतात वं माय."

"मंग सारं आयकून बी हा तिकडं खोटं सांगाले गेलाच कसा?"

मी हातातला घाटा टाकला आणि विळा उचलला. परीक्षा जवळ येत होती, आणि माझ्याकडे नुसती गोष्ट होती.

आता वाचते तेव्हा मोबाईलवर वाचते. पानं पुरी असतात. पण माझी एक खोड राहून गेलीय. शेवटचं पान आलं की मी फोन पालथा ठेवते आणि आधी स्वतः ठरवते, याचं काय व्हावं. वच्छलामावशी अजून आवाजी निरोप पाठवते: "नवीन काही हाय काय वं मॅडम? हरबऱ्यात बसलो आमी, तोंड गप हाय." मग मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून पलीकडच्या रानासाठी गोष्ट बोलते, आणि तिकडून उत्तरं येतात, मागे विळ्यांचा आवाज, कोणाचं तरी खोकणं, कोणीतरी ओरडतंय की तिले म्हना त्या माणसाले सोडून दे. समीक्षा म्हणतात ती हीच असावी. मला दुसरी ठाऊक नाही.

पण मी त्या सालचं सांगत होते.

सोंगणी संपत आली होती. एका दुपारी आम्ही अंगणात सोले काढत बसलो होतो. हिरवे दाणे सोलून ठेवायचे, रात्री त्यांचीच भाजी. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. पुढे एक तरणा शेतकरी, दाढी नीट कोरलेली, शर्टाची इस्त्री कडक. मागे त्याची आत्या, पदर सावरत. इंझोरीहून आले होते ते, इतक्या लांबून. आत्याबाईनं पाणी घेतलं, चहाच्या बश्या आल्या, बाबांच्या पाठीची चौकशी केली, हवापाण्याचं झालं, आणि मग ती मायजवळ सरकली.

"तुमच्या इकडे एक पोरगी हाय म्हने. जयवंती. तुमच्या पोरीले तिची सारी माहिती हाय, असं आयकलं."

"कोन जयवंती?"

"अवं, जिची सोयरीक मोडली! कोन्यातरी अंकुश नावाच्या बैताडानं मिरगीची बात उठवली म्हने. खोटीच. पोरगी लय शांत हाय, खिडकीत बसून राह्यते बिचारी."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे. वच्छलामावशीची बहीण इंझोरीला दिली होती, आणि मावशी आठवडाभरापूर्वीच तिकडे जाऊन आली होती. जुबैदा तिच्या जिभेवर बसत नव्हती म्हणून तिनं तिची जयवंती केली, अख्तरचा अंकुश केला, आणि गोष्ट आहे एवढं सांगायचं ती विसरली. किंवा तिनं सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी ते गाळलं.

तो मुलगा, प्रवीण त्याचं नाव, आतापर्यंत गप्प होता. मान खाली घालून सोले चिमटीत फिरवत होता. मग बोलला. "काकू, खरं सांगतो. पोरी पाहू पाहू चपला झिजल्या. रान हाय, विहीर हाय, पन सारे म्हनतात नोकरीवालाच पाह्यजे. आन् त्या पोरीले मिरगी खरीच असली, तरीबी चालते मले. औषध राह्यते तिले. माह्या मायले शुगर हाय, तं आमी काय तिले सोडून देलं?"

माझ्या हातात फोडलेला घाटा तसाच राहिला. मला एकदम दिसलं की मुलाकडच्या त्या सगळ्या मंडळींत असा एक जण असता तर अख्तरचं खोटं जागच्या जागी मेलं असतं. अफसानाच झाला नसता.

पण सांगणं भाग होतं. सांगितलं. जयवंती कागदावरची आहे, अंकुशही कागदावरचाच, आणि तोही कागद अर्धा.

"म्हंजे पोरगी नाहीच?" आत्याबाई.

"नाही."

"आन् तो बैताड?"

"तोही नाही."

"मंग आमी पेट्रोल कायले जाळलं वं!"

प्रवीण आधी गोरामोरा झाला, मग त्याच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. असा हसला की हातातली चहाची बशी कलंडली. खाटेवरून बाबा हसायला लागले आणि पाठ धरून म्हणाले, "हसवू नको बापा, दुखते!" कितीतरी महिन्यांनी त्या घरात पुरुषाचं हसणं ऐकू आलं. भिंतीपलीकडून खालानं विचारलं, "क्या हुआ गे?" माय म्हणाली, "तुमच्या पोलक्याले मागनं आलं!"

जाताना प्रवीणनं मोटरसायकलला किक मारली आणि पुन्हा बंद केली. "पन मंग शेवटी झालं काय त्याचं?"

"माहीत नाही. तो तिच्या दारापर्यंत जातो, इतकंच आहे."

"तिच्या दारात कायले गेला तो?" प्रवीण म्हणाला. "आमच्यासारख्या पोरावाल्यांच्या दारात यायचं होतं त्यानं. मले नुसतं उडत उडत समजलं, तरी आलो ना मी? तेव्हा कोनी गावोगाव सांगतलं असतं का बात खोटी हाय, तं कोनीच नसतं आलं काय?"

ते गेले. मी कितीतरी वेळ सोल्यांच्या टोपलीशी बसून होते. सरांना जे हवं होतं ते मला सापडायला लागलं होतं. अख्तर जुबैदाच्या दारात जातो, आणि आम्ही बाया सोंगणीभर त्यालाच पश्चात्ताप समजत होतो. पण तिच्या दारात जाणं हे त्याचं जुनंच वेड. इतकी वर्षं तो तिला बघायला जात होता, आता माफी मागायला. दोन्हीत त्याला तिच्याकडूनच काहीतरी हवंय. खोटं त्यानं तिच्या दारात सांगितलंच नव्हतं. ते त्यानं सांगितलं होतं परक्या गावात, परक्या ओट्यावर, आणि तिथून ते तोंडोतोंडी गेलं. मग पश्चात्तापाची वाटही तिकडूनच जाते. त्या ओट्यावर उभं राहून, चारचौघांत, आपलीच अब्रू घालवून म्हणायचं की मी खोटं बोललो. जमीर झोपू देत नाही म्हणून रडणं वेगळं आणि ज्याचं बिघडवलं त्याचं नीट व्हावं म्हणून पायपीट करणं वेगळं. आणि खरंही खोट्याइतकंच लांब चालत जातं! आमच्या मावशीनं त्याला नुसता धक्का दिला तर ते इंझोरीपर्यंत गेलं आणि मोटरसायकलवर बसून परत आलं.

त्यानंतर मी अभ्यासातले सगळे अफसाने पुन्हा काढले आणि प्रत्येकाला एकच विचारत गेले: बाबा रे, तुला पस्तावा झालाय ना, मग तू कोणाच्या दारात चाललायस? काहींनी नीट उत्तर दिलं. बरेच जण खिडकीखालीच उभे होते, सुंदर सुंदर वाक्यं बोलत. वाचताना मला पहिल्यांदा त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून ते जास्त आवडले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या मॅडम आल्या होत्या. जाड चष्मा, आवाज मऊ. सर बाजूला बसलेले, माझ्याहून जास्त घाबरलेले.

"किस का अफसाना है?" मॅडमनी विचारलं.

"पता नहीं, मॅडम. नाम वाला पन्ना कट गया."

"कट गया? और अंजाम?"

"वो भी. पोलके में गया."

सरांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी चष्मा काढला. "तो फिर जमीर पर आप बात कैसे करेंगी, बेटी?"

मग मी बोलले. माझी उर्दू खालाच्या मशीनखालची, मधे मधे वऱ्हाडी शिरत होती, क्रियापदं घसरत होती. पण मी गोष्ट सांगत बसले नाही. मी म्हटलं की अख्तर चुकीच्या दारात उभा आहे. रान सांगितलं, पात सांगितली, डोंगळा आणि गूळ सांगितला, इंझोरीचं स्थळ सांगितलं. मिरगी असली तरी चालते म्हणणारा तो माणूस सांगितला, आणि म्हटलं, मॅडम, अख्तरला पस्तावा झाला, पण तो अजून आशिकच आहे. पस्तावा खरा असेल तर आधी आशिकी सोडावी लागेल. बोलताना माझे हात हलत होते, आणि मला कळत होतं की मी थांबणार नाहीये.

सरांनी घसा खाकरला. मग मॅडमनी पुढे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "और वो नौजवान... उसकी शादी हुई?"

"अभी नहीं मॅडम. लड़की देख रहे हैं."

त्या इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेर थांबलेल्या मुली दारातून डोकावल्या.

उन्हाळ्यात निकाल लागला. कोणताच विषय राहिला नाही. सगळ्यांत जास्त गुण उर्दूत होते. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.